काकांची दिवाळी आणि भिंगाखालचे ठिपके

सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, मी एका ऑफसेट छापखान्यात डीटीपीचं काम करते. जुन्या तसबिरी, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या असं काही सापडलं की फोटो काढून इन्स्टाग्रामवर आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, सोबत चार ओळी लिहिते. परवा रविवर्म्याच्या एका जुन्या छापावर लिहिलं. चार अंगठे आले, आणि भाच्याने विचारलं की हे ठिपके हाताने काढलेत का. त्याच दिवशी काकांनी पणजोबांचा फोटो रंगवून, पापण्या हलवणारा करून टाकला; त्यावर निम्म्या ग्रुपने हात जोडले. दिवाळीत त्यांनी 'नासाने टिपलेली दिवाळीच्या रात्रीची भारतभूमी' टाकली होती. मी तिथेच लिहिलं की हे खोटं आहे. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, मानी माणूस. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. काकूंनी आईला फोन करून चार शब्द सुनावले. आता वाटतं, शेअर करणं बंदच करावं. चुकीचं दिसलं तरी गप्प बसावं का? एआयने केलेली 'जुन्या पुण्याची' चित्रं टाकणाऱ्यांना काय म्हणावं? आणि एक मैत्रीण म्हणते, चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे बुकमार्क छापून विकू या. चालेल का?"

सप्रेम नमस्कार.

बंद करू नका. तुम्ही जोडलेल्या पोस्टी मी सगळ्या पाहिल्या. असं डोळे उघडे ठेवून पाहणारी माणसं फार नाहीत, आणि जी आहेत त्यांनी घरच्या रुसव्याफुगव्यांमुळे हात आखडता घेतला तर वाईट होईल. माझं म्हणणं थोडक्यात असं: सापडलेलं चित्र दुसऱ्यापुढे ठेवताना ते कुठून आलं आणि आपण त्यात काय पाहिलं, या दोन्ही गोष्टी सोबत द्याव्यात. तुम्ही पहिली नेहमी देता. दुसरी कधीकधी राहून जाते. काकांच्या बाबतीतही तेच झालं असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही लिहिलेलं खरं होतं, पण ते एका वाक्यात संपलं, आणि खरी हकिकत त्यानंतर सुरू होते. ते चित्र दिवाळीचं नाही, आणि एका रात्रीचंही नाही. अमेरिकेतल्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते २००३ साली जुळवलं. उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले रात्रीचे दिवे त्यांनी एकावर एक बसवले आणि प्रत्येक काळाला एक रंग दिला. १९९२च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८चे हिरवे, २००३चे तांबडे. तुम्ही रोज चार रंगांच्या चार प्लेटा एकावर एक बसवता, तसंच हे, फक्त इथे प्रत्येक प्लेट एकेका काळाची आहे. वाढत्या वस्तीचा माग काढायला केलेला तो नकाशा आहे. रंगीबेरंगी दिसतो, म्हणून कुणीतरी त्याला दिवाळी चिकटवली आणि तो फिरत राहिला.

नासाने २०१२ साली याचा खुलासा केला आणि सोबत खरं चित्रही दिलं. सुओमी एनपीपी नावाच्या उपग्रहाने त्या वर्षीच्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरच्या रात्री, घेतलेलं. त्यात आपला देश इतर कुठल्याही रात्री दिसेल तसाच दिसतो. पणत्या, माळा आणि आकाशकंदील यांचा वाढीव उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो जवळजवळ कळतच नाही. मला हे वाचून मुळीच हिरमोड झाल्यासारखं वाटलं नाही. अंगणातली पणती उपग्रहासाठी नसतेच.

आता काकांकडे वळा. ते वीज मंडळात होते, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. १९९२ ते २००३ या काळात कुठे नवा उजेड दिसू लागला ते त्या चित्रात आहे, आणि ती सगळी वर्षं काका नोकरीत असणार. खांब, तारा, डीपी, नव्या वसाहतींची जोडणी, रात्रीअपरात्री आलेल्या तक्रारी. त्यांनी पुढे पाठवलेल्या चित्रात त्यांच्या उमेदीच्या वर्षांचा नकाशा दडलेला होता आणि ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुमच्या जागी मी असते तर ते मूळ चित्र नोआ किंवा नासाच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात उतरवून घेतलं असतं, छापखान्यात ए-थ्री कागदावर छापलं असतं आणि घेऊन त्यांच्या घरी गेले असते. "काका, त्या चित्रातल्या रंगांचा अर्थ मला सापडला. आपल्या सांगली-मिरजेकडचे हे नवे दिवे कुठले असतील, तुम्हीच सांगू शकाल." ग्रुपवर ते त्यांनाच टाकू द्या, त्यांच्या शब्दांत. खुलासा त्यांच्या नावावर जाऊ दे.

चूक दाखवल्याबद्दल माफी मागू नका. सगळ्यांसमोर दाखवल्याबद्दल मात्र जरूर मागा, आणि अडखळत न बसता मागा. वडीलधाऱ्या माणसाला आधी फोन करावा, ग्रुपवर नंतर लिहावं. याला मी एकच अपवाद करते: चित्र कुणाच्या जिवावर किंवा अब्रूवर उठणारं असेल, भलत्या गावचा, भलत्या वर्षाचा फोटो आजच्या दंगलीचा म्हणून फिरत असेल, तर तिथल्या तिथे आणि सगळ्यांना दिसेल असं लिहा. तिथे मानपान पाहू नये. दिवाळीचं चित्र त्यातलं नव्हतं.

पणजोबांच्या फोटोबद्दल तुमचा सूर थोडा दुखावलेला वाटला. पण जोडलेले ते हात पणजोबांना होते. त्यांची तुमच्या ठिपक्यांशी स्पर्धा लावू नका.

तरी त्या रंगवण्यामागे काय चालतं ते माहीत हवं. फोटो काढायच्या जुन्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला आंधळ्या असत. निळा उजेड त्यांच्यावर चटकन उमटे, लाल जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुष्कळ फोटोंत कपाळावरचं कुंकू काळं दिसतं, लाल पागोटं काळसर दिसतं आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे त्या फोटोतल्या राखाडी छटेवरून मूळ रंग परत काढता येत नाही. तो तिथे उरलेलाच नसतो. सॉफ्टवेअर हजारो दुसऱ्या चित्रांवरून अंदाज बांधतं आणि भरतं. पणजोबांचं पागोटं त्याने तपकिरी केलं असेल, तर ते तपकिरी होतं असं नाही. पापण्या हलवण्याची सोय मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने २०२१मध्ये आणली आणि ती घरोघरी पोचली. त्यात आधी टिपून ठेवलेल्या दुसऱ्या माणसांच्या चेहऱ्याच्या हालचाली आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर बसवल्या जातात. घरच्यांना आनंद झाला, ठीक आहे. तुम्ही एवढंच करा: काकांकडून मूळ फोटो मागून घ्या, त्याची मागची बाजू पाहा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असतो, कधी कुणाच्या हातचं नाव-गाव असतं. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू ग्रुपवर टाका आणि विचारा, हा फोटो कुठे काढला असेल? बघा किती आत्या-मावश्या बोलत्या होतात.

याच्या उलट बाजूही सांगायला हवी, कारण जाणकार मंडळीही इथे घाईत निकाल देतात. शंभर वर्षांपूर्वीचा रंगीत फोटो दिसला की लोक लगेच "एआयने रंगवलंय" असं लिहितात. पण तो खराही असू शकतो. फ्रान्समधल्या ल्यूमिएर बंधूंनी ऑटोक्रोम नावाची रंगीत प्लेट शोधली. पेटंट १९०३चं, बाजारात आली १९०७ साली. तिची युक्ती बटाट्याच्या पिठाची होती. बटाट्यातल्या स्टार्चचे अगदी बारीक कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवून, मिसळून काचेवर पसरायचे, मधल्या फटी काजळीने भरायच्या आणि त्यावर फोटोचा मसाला चढवायचा. उजेड त्या रंगीत कणांतून गाळून आत जाई आणि काच उजेडासमोर धरली की रंग परत दिसत. आल्बेर कान नावाच्या पॅरिसच्या एका धनाढ्य बँकरने १९०९ ते १९३१ या काळात अशा प्लेटा देऊन छायाचित्रकार जगभर पाठवले आणि सुमारे ७२,००० ऑटोक्रोम गोळा केले. त्यांच्यातले स्तेफान पासे १९१३-१४च्या सुमारास आपल्याकडे आले होते. मुंबईचीही चित्रं त्या संग्रहात आहेत, आणि तो जपणाऱ्या संग्रहालयाने बराच संग्रह संकेतस्थळावर पाहायला खुला ठेवला आहे. तुमच्यासारखीने तो जरूर पाहावा. मोठा करून पाहिलात की भिंतीत, लुगड्यात, आभाळात तेच तीन रंगांचे कण दिसतात, वाळूसारखे विखुरलेले. ते रंग कुणी मागाहून भरलेले नाहीत. समोरच्या लुगड्यावरून परतलेला उजेड त्या कणांतून गेला आहे. म्हणून "खोटं" हा शेरा मारण्याआधीही मूळ शोधावं लागतं, "खरं" म्हणण्याआधी शोधावं लागतं तितकंच.

आता तुमच्या त्या पोस्टबद्दल, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. सुरुवात तुम्ही रविवर्मा प्रेसच्या इतिहासाने केलीत. १८९४ साली मुंबईत सुरुवात, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला मुक्काम, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे मालकी, १९७२ची आग. सगळं बरोबर आहे. पण हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा लक्ष्मीची एक तसबीर आहे, जी त्याने कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहिलेलीच आहे. त्या सनावळ्या त्याला का हव्यात, हे अजून कळलेलं नाही. आणि खरा ऐवज तुम्ही दुसऱ्या फोटोत ठेवलात, भिंगातून काढलेल्या.

तो फोटो मी बराच वेळ पाहत होते. लक्ष्मीच्या गालावर गुलाबी, विटकरी आणि फिकट निळे ठिपके. ओळीत नाहीत, एका मापाचे नाहीत. नाकपुडीशी दाट, गालाच्या उंचवट्यावर विरळ, आणि एका जागी तर नुसता कागद सोडलेला, तिथेच चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखा वाटतो. ओठाच्या कडेला लाल शाई रेषेबाहेर केसभर सरकली आहे. तुमच्या भाषेत, रजिस्टर हललंय. आता त्याच लक्ष्मीच्या आजच्या स्वस्त ऑफसेट छापावर तुमचं लूप, म्हणजे छपाई तपासायचं भिंग, ठेवा. चार रंगांचे ठिपके शिस्तीत, ठरलेल्या अंतरावर, एकमेकांभोवती फुलासारखे वर्तुळ करून बसलेले दिसतील, गालावर आणि पदरावर अगदी एकाच चालीने. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा: दोन्हींत काय फरक दिसतो? इतिहास त्यानंतर सांगा. तेव्हा तो कुणाला तरी हवा असेल.

आणि भाच्याचा प्रश्न! ठिपके हाताने काढलेत का, असं त्याने विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत का, ते पत्रात नाही. त्या दिवशी ग्रुपवर आलेला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद मला तो वाटतो, कारण त्या मुलाने खरोखर पाहिलं होतं. त्याला सांगा, हो, हाताने. बव्हेरियातून आलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर कारागीर तेलकट शाईने एकेक ठिपका देत असे. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरून राहतं आणि छपाईची शाई फक्त तेलकट ठिपक्यांना चिकटते. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. मूळ चित्र रविवर्म्याचं, पण ते गुलाबी, विटकरी, निळ्यात फोडून दगडावर उतरवणारे हात छापखान्यातल्या माणसांचे, आणि छापाच्या खालच्या पट्टीवर त्यांची नावं नसतात. तुम्ही स्वतः छापखान्यात काम करता. यावर तुमच्याइतक्या आपुलकीने कोण लिहील? एखाद्या रविवारी भाच्याला लूप देऊन बसवा.

काही बारीकसारीक गोष्टी उरकून घेते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि पहिला बळी ठिपक्यांचाच जातो. बारकावा दाखवायचा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वार्निश केलेल्या जुन्या तसबिरीवर फ्लॅश मारू नका, खिडकीचा तिरका उजेड घ्या. कडा कापू नका. छापखान्याचं नाव, चित्राचं नाव, कधी क्रमांक, सगळं त्या खालच्या पांढऱ्या पट्टीत असतं. दुसऱ्याकडून आलेलं चित्र असेल तर गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या सोयींवर टाकून बघा, पण तिथे सापडलेली सगळ्यात जुनी प्रत म्हणजे मूळ नव्हे. संग्रहालयाचं किंवा ग्रंथालयाचं पान, त्यावर नोंदणी क्रमांक, तिथपर्यंत पोचलात तर दुवा त्या पानाचा द्या. पोचला नाहीत तर "मूळ सापडलेलं नाही" असं सरळ लिहा. त्याने कमीपणा येत नाही, उलट कुणीतरी शोधायला लागतं.

आणि दुसऱ्यांच्या पोस्टवर "अप्रतिम", "वा" एवढं लिहून पुढे जाऊ नका, निदान तुम्ही तरी नको. पाटी रंगवणाऱ्याने 'श्री'ची वेलांटी कशी शेवटपर्यंत ओढत नेली आहे, सावली कुठल्या बाजूला दिली आहे, असं एक काहीतरी लिहा. ज्याने ते टाकलं त्याला कळतं की आपल्याबरोबर आणखी कुणीतरी पाहिलं.

एआयच्या 'जुन्या पुण्याबद्दल'. अशा चित्रांतल्या दुकानांच्या पाट्या मोठ्या करून पाहिल्या की बरेचदा अक्षरं देवनागरीसारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. शिरोरेखा मध्येच तुटते, काना कुठल्याच अक्षराचा नसतो. पण या खुणांवर फार भिस्त ठेवू नका, त्या दिवसेंदिवस कमी होत चालल्या आहेत. टिकाऊ प्रश्न एकच: हा फोटो कुणी काढला आणि आता तो कुठे आहे? सौम्यपणे विचारा, पण विचारत राहा. कुणी हौसेने कल्पनाचित्र करत असेल तर करू दे, फक्त ते कल्पनाचित्र आहे असं चित्रावरच लिहावं, मजकुरात नको. मजकूर पहिल्या फॉरवर्डमध्येच गळून पडतो. मला यात खरोखर काळजी वाटते. जुन्या पेठांचे, घाटांचे, गिरण्यांचे खरे फोटो आधीच मोजके आहेत. बनावट दहा फिरू लागले की खरा एक समोर आला तरी कुणी थांबून पाहणार नाही.

राहिले बुकमार्क. दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे. 'दीपावली' या दिवाळी अंकाची त्यांची मुखपृष्ठं कित्येक मराठी घरांनी जपून ठेवली आहेत, तेव्हा मैत्रिणीला मोह पडला यात नवल नाही. पण दलाल १९७१ साली गेले. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या चित्रांवर २०३१ संपेपर्यंत. मुखपृष्ठ दाखवून त्याच्या रेषेबद्दल, रंगांबद्दल लिहिणं हा समीक्षेसाठीचा रास्त वापर आहे, ते निर्धास्त करा, कोपऱ्यातली सही दिसेल असं आणि अंकाचं साल देऊन. विकायला छापणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी हक्कदारांची लेखी परवानगी हवी, आणि ती मिळेपर्यंत मैत्रिणीला थांबायला सांगा. बुकमार्क काढायचेच असतील तर रविवर्म्याचे काढा. ते १९०६ साली गेले, तो प्रश्नच उरलेला नाही. तुमच्याकडच्या त्याच छापावरून काढा, भिंगातला गाल एका बाजूला आणि अख्खी लक्ष्मी दुसऱ्या बाजूला. छपाई तुम्हीच करणार, तेव्हा ठिपके मोडणार नाहीत इतक्या बारीक स्क्रीनवर घ्या, आणि पहिला गठ्ठा निघाला की माझ्यासाठी दोन बाजूला काढून ठेवा. पैसे पाठवते.